आर.एम.एस. सेंट हेलेना: एकाच बोटीवर विसंबलेली टपालसेवा

दूरच्या वसाहतीसाठी टपालबोटीची सेवा कशी बांधावी, याचं अलीकडच्या काळातलं सगळ्यात पूर्ण उदाहरण म्हणजे दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटाची आर.एम.एस. (रॉयल मेल शिप, म्हणजे शाही टपालबोट) सेंट हेलेना. १९९० साली ती सेवेत आली आणि १० फेब्रुवारी २०१८ रोजी तिने बेटाची राजधानी जेम्सटाउनहून शेवटचा नांगर उचलला. मधली सत्तावीस वर्षं पत्रापासून मोटारगाडीपर्यंत बेटावरचं जवळपास सगळं तिच्यातूनच आलं-गेलं. टाकीत भरायचं इंधन तेवढं टँकरने वेगळं यायचं. सेवा म्हणून तिला वरच्या श्रेणीत ठेवावं लागेल. कंत्राट शहाणपणाने बांधलेलं होतं, वेळापत्रक पत्रं पाठवणाऱ्यांच्या सोयीचं होतं आणि बोट त्या कामासाठीच घडवलेली होती. उणीव एकच, पण फार मोठी होती: दुसरी बोट नव्हती.

आधी जागा समजून घ्यायला हवी, नाहीतर बाकीचे हिशेब कळत नाहीत. बेट साधारण १२२ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या पाचव्या हिश्शाएवढं. वस्ती साडेचार हजारांच्या आसपास. सगळ्यात जवळची वस्तीची जमीन म्हणजे असेन्शन बेट, तेही ७०० सागरी मैलांवर. केप टाउन जवळपास १,७०० सागरी मैल. विमानतळ नव्हता आणि मोठी बोट लागेल असा धक्काही नव्हता. बोट जेम्स बे मध्ये नांगर टाकून उभी राहायची आणि माल, माणसं, थैल्या लाँच, पडाव अशा लहान बोटींतून किनाऱ्यावर जायच्या.

हे बेट नेहमीच असं आडवाटेवर नव्हतं. ईस्ट इंडिया कंपनीने ते १६५९ साली ताब्यात घेतलं आणि हिंदुस्थानातून परतणारी कंपनीची गलबतं इथे पाणी भरायला थांबायची. स्पर्धापरीक्षेचा अभ्यास केलेल्या प्रत्येकाला १८३३ चा चार्टर ॲक्ट पाठ असतो. त्याच कायद्याचं ब्रिटनमधलं अधिकृत नाव ‘सेंट हेलेना ॲक्ट १८३३’ असं आहे, कारण त्याच्या शेवटच्या भागात हे बेट कंपनीकडून काढून २२ एप्रिल १८३४ पासून राजसत्तेकडे दिलं. त्या काळात बेटाला टपालाची वेगळी व्यवस्था लावायची गरज फारशी नव्हती, बोटी आपण होऊन येत होत्या. १८५५ साली ११०० जहाजं इथे थांबली. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, आगबोटींना वाटेत गोड्या पाण्यासाठी थांबायची गरज उरली नाही, आणि १८८९ साली हाच आकडा २८८ वर आला. बेट होतं तिथेच राहिलं, वाट मात्र दुसरीकडून गेली. ज्या ठिकाणी व्यापारासाठी कुणी येत नाही तिथे टपाल न्यायचं तर बोट पैसे देऊन आणावी लागते. टपालसेवेचं कंत्राट म्हणजे नेमकं हेच.

त्या कंत्राटांचा जुना नमुना केपच्या डाकेचा. १८५७ साली युनियन कंपनीने साउदॅम्प्टन ते केप अशी महिन्याला एक फेरी पत्करली. मुदत ४२ दिवस, मोबदला वर्षाला ३३ हजार पौंड, आणि पहिली बोट ‘डेन’ त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये सुटली. मुदत, फेऱ्यांची संख्या, बंदरांची यादी आणि मोबदला ही चार कलमं अशा प्रत्येक कंत्राटाचा गाभा असतात. बाकीची पानं उशीर झाला तर कुणी किती सोसायचं, यावर खर्च होतात. पुढे १९०० साली युनियन आणि कॅसल या दोन कंपन्या एक झाल्या आणि युनियन-कॅसलच्या बोटी सेंट हेलेनाला नेमाने थांबत राहिल्या. पण या साऱ्या व्यवस्थेत बेट हे केपच्या पत्रिकेतलं एक ओझरतं नाव होतं. बोट कंपनीची, मार्ग केपचा, बेटाचा थांबा वाटेत पडतो म्हणून. १९७७ साली साउदॅम्प्टन-केप टपालबोटी बंद झाल्या, कारण उतारू विमानाने जाऊ लागले आणि माल कंटेनरच्या बोटींत गेला. केपला त्याने काही बिघडलं नाही. सेंट हेलेनाची मात्र बोटच गेली.

याच्या आधी बेटाला आणखी एक फटका बसला होता आणि त्याचा टपालाशी थेट संबंध होता. बेटावर न्यूझीलंडच्या तागासारख्या झाडाची, फॉर्मियमची लागवड होती आणि त्याच्या धाग्याचे कारखाने होते. त्या धाग्याचं मोठं गिऱ्हाईक ब्रिटिश टपाल खातं. पत्रांचे गठ्ठे आणि थैल्या बांधायची सुतळी तिथून जायची. टपाल खातं कृत्रिम धाग्याकडे वळलं आणि १९६६ साली बेटावरचे कारखाने बंद पडले. नुसता रोजगार गेला असं नाही, बोटीचा परतीचा मालही गेला. त्यानंतर बोट येताना भरून यायची आणि जाताना जवळपास रिकामी. एका दिशेच्याच मालावर दोन्ही दिशांचा खर्च काढायचा म्हटलं की मालाचं भाडं इतकं चढतं की गिऱ्हाईक माल मागवणंच सोडेल. म्हणून या मार्गावर सरकारी अनुदान हा उपकार नसून हिशेबाचाच भाग होता. ‘बोट तोट्यात का?’ असा प्रश्न विचारणाऱ्यांनी आधी परतीच्या फेरीतला माल मोजावा.

१९७७ च्या धड्यातून नवी व्यवस्था उभी राहिली आणि तिच्या आखणीला मनापासून दाद द्यावीशी वाटते. या वेळी मार्ग बेटासाठी आखला गेला आणि बोट ‘सेंट हेलेना लाइन’ या बेटाच्या सेवेसाठीच असलेल्या कंपनीच्या मालकीची झाली. चालवायचं काम कंत्राटाने दिलं, आधी कॉर्नवॉलच्या कर्नाउ शिपिंग या छोट्या कंपनीला आणि २००१ पासून अँड्र्यू वेअर शिपिंगला. यातली खुबी अशी की २००१ मध्ये चालवणारा बदलला, पण बोट, मार्ग आणि खलाशी तेच राहिले. जुन्या पद्धतीत कंत्राटदार गेला की त्याच्याबरोबर बोटही जायची. दूरच्या बेटासाठी कुणी आज नव्याने सेवा बांधत असेल तर हे कलम सगळ्यात आधी उचलावं: बोट गिऱ्हाइकाची, चालवणारा बदलता येण्यासारखा.

पहिली बोट जुनीच घेतली होती. १९६३ साली कॅनडात व्हँकुव्हरला बांधलेली ‘नॉर्थलँड प्रिन्स’, तिकडच्या किनाऱ्यावर फिरणारी. नाव बदलून ती १९७८ पासून एव्हनमाउथहून निघू लागली. तिचा आकार अपुरा पडायचा. १९८२ मध्ये फॉकलंडच्या युद्धासाठी ब्रिटिश सरकारने तीच ताब्यात घेतली आणि बेटाच्या मार्गावर ‘सेंटॉर’ नावाची बोट भाड्याने आणावी लागली. एक बोट गेली की सेवा कोलमडते हे तेव्हाच दिसलं होतं.

दुसरी बोट म्हणजे आपल्या परीक्षणाचा विषय. ॲबर्डीनच्या हॉल रसेल गोदीत ती बांधली गेली आणि ३१ ऑक्टोबर १९८९ रोजी प्रिन्स अँड्र्यूच्या हस्ते पाण्यात उतरली. लांबी १०५ मीटर, रुंदी १९.२ मीटर, एकूण टनेज ६,७६७. साधारण १५५ उतारू आणि ५६ अधिकारी व खलाशी. पुढच्या भागात मालाची कोठारं आणि क्रेन, मागच्या अर्ध्यात उतारूंच्या खोल्या. ही रचना जुन्या ‘उतारू आणि माल’ बोटींची आहे आणि नव्वदच्या दशकात अशी बोट नव्याने बांधणं हेच दुर्मिळ होतं. स्वतःच्या क्रेन असणं इथे अत्यावश्यक, कारण समोर क्रेन लावलेला धक्काच नाही. मोठ्या बंदरांसाठी बांधलेल्या कंटेनर बोटींवर अनेकदा क्रेनच नसतात. तसली बोट स्वस्तात मिळाली तरी जेम्स बे मध्ये ती निरुपयोगी ठरते.

आता वेळापत्रक. सुरुवातीची वर्षं बोट ब्रिटनहून टेनेरिफमार्गे बेटावर यायची. नंतर ब्रिटनच्या फेऱ्या कमी होत गेल्या आणि केप टाउन हे मुख्य ठाणं झालं. उत्तरार्धातला नेहमीचा फेरा असा: केप टाउन ते सेंट हेलेना पाच रात्री, पुढे असेन्शन दोन रात्री, मग असेन्शनहून परत सेंट हेलेना आणि तिथून पुन्हा केप टाउन. सगळं मिळून सुमारे तीन आठवडे. १५ नॉटच्या (तासाला १५ सागरी मैल) चालीने १,७०० सागरी मैलांना ११३ तास लागतात, म्हणजे चार दिवस आणि सतरा तास. चाल १४ नॉटवर आली की १२१ तास, पाच दिवसांच्या वर एक तास. म्हणजे पाच रात्रींच्या आखणीत ढील फक्त एका नॉटची. समोरचा वारा किंवा एखाद्या इंजिनाची कुरकुर एवढ्याने ती संपते. तरीही वर्षानुवर्षं बोट ठरल्या सकाळी बेटासमोर दिसायची, याचं श्रेय खलाशांना आणि यंत्रखोलीला द्यायलाच हवं.

या फेऱ्यातली आम्हाला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे बेटावरचा दुहेरी थांबा. बोट केपहून आली, पत्रं उतरली, ती असेन्शनला गेली आणि आठवड्याभरात परत आली. तेवढ्या दिवसांत बेटावरच्या माणसाला आलेल्या पत्राचं उत्तर लिहून, पाकीट चिकटवून त्याच बोटीने केपला पाठवता यायचं. सरळ एका दिशेने जाणारी बोट असती तर उत्तराला पुढच्या फेरीची वाट पाहावी लागली असती. उलट, केप टाउनला थैली बंद झाल्यावर पोचलेल्या पत्राचं नशीब वाईट: तीन आठवडे थांबा आणि वर पाच दिवस प्रवास, म्हणजे २६ दिवस. त्यामुळे या मार्गावर पत्र किती दिवसांत पोचतं या प्रश्नाला एक आकडा देता येत नाही. सहा दिवस हेही खरं आणि चार आठवडे हेही खरं. थैली बंद व्हायची तारीख माहीत असणं हेच सगळं.

थैलीची शिस्तही पाहण्यासारखी असते. जागतिक टपाल संघाच्या नियमांनी टपालाच्या प्रत्येक पाठवणीला वर्षभराचा चालू क्रमांक असतो आणि आतल्या थैल्यांनाही क्रमांक असतात. एका थैलीचं वजन ३० किलोंच्या वर जाऊ द्यायचं नाही. एका थैलीत सगळ्या पाठवणीची यादी ठेवतात आणि तिच्या चिठ्ठीवर ‘एफ’ हे अक्षर असतं, कारण टपाल संघाची अधिकृत भाषा फ्रेंच आणि यादीचं फ्रेंच नाव त्या अक्षराने सुरू होतं. उतरवून घेणारा आधी ती थैली शोधतो, यादी काढतो, क्रमांक लावून मोजतो. ४१ नंतर ४३ आली तर ४२ वी कुठे, हे बोट नांगर उचलायच्या आत कळतं. लहान बेटावर हा नियम जिवापाड पाळावा लागतो, कारण चुकून बोटीत राहिलेली थैली मागच्या बसने परत मागवता येत नाही. ती असेन्शनला जाऊन आठवड्याने येते, किंवा दुर्दैव असेल तर केपला जाऊन तीन आठवड्यांनी.

उतरण्याच्या जागेबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण या सेवेची खरी कसोटी तिथे होती. सेंट हेलेनावर बारा महिने आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात. जेम्सटाउन बेटाच्या वायव्य अंगाला, म्हणजे वाऱ्याच्या आडोशाला. म्हणून वर्षातले बहुतेक दिवस जेम्स बे शांत. पण उत्तर अटलांटिकच्या हिवाळ्यात तिकडे मोठी वादळं होतात, त्यांच्या लांब पल्ल्याच्या लाटा हजारो मैल चालून येतात आणि नेमक्या याच आडोशाच्या अंगावर आदळतात. डिसेंबर ते मार्च हा त्यांचा हंगाम. वारा नाही, आकाश निरभ्र, आणि तरी किनाऱ्यावर लाटा फुटताहेत, असं दृश्य असतं. तिथे त्यांना ‘रोलर्स’ म्हणतात. फेब्रुवारी १८४६ मध्ये अशाच लाटांनी बंदरात उभी असलेली तेरा जहाजं फोडली. या लाटांवर उपाय एकच, थांबणं. टपालबोट कितीही वेळेवर आली तरी रोलर्स असले की लाँच आणि पडाव किनाऱ्याला लागत नाहीत.

शांत दिवशीही उतरणं हे कसब होतं. बोटीच्या बाजूला शिडी, तिच्या पायाशी लाँच वरखाली होतेय. लाँच भरली की ती जेम्सटाउनच्या दगडी पायऱ्यांकडे जाते. पायऱ्यांवर आडवी लोखंडी दांडी आणि तिला लोंबते जाड दोर. लाँच लाटेबरोबर वर चढते, क्षणभर स्थिर होते, तेवढ्यात दोर घट्ट धरायचा आणि पाय पायरीवर टाकायचा. लाँच खाली जायला लागल्यावर पाय टाकला तर तोल जातो, आणि लाँच वर येत असताना टाकला तर गुडघा दगडावर आपटतो. लाँचवरचा माणूस हात धरून ‘आता’ म्हणेपर्यंत थांबणं हाच नियम. कोकण बोटीच्या काळात हर्णै-जैतापूरला मुंबईची आगबोट बाहेर उभी राहायची आणि लोक पडावात उतरून किनारा गाठायचे, हे ज्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलंय त्यांना हे लगेच डोळ्यांसमोर येईल. म्हाताऱ्या आणि आजारी माणसांसाठी आर.एम.एस.वर ‘एअर टॅक्सी’ होती: बसायची आसनं असलेला एक पिंजरा, जो क्रेनने उचलून अलगद लाँचवर ठेवायचे. नाव गमतीचं वाटलं तरी सोय खरी होती, कारण केप टाउनला इलाजासाठी जाणारे रुग्णही याच बोटीने जायचे.

मालाचं सगळ्यात मोठं नुकसान पडावात उतरवताना व्हायचं. क्रेनचा हुक स्थिर, पडाव मात्र दीड-दोन हातांनी वरखाली. जाळी पडावावर टेकली त्या क्षणी पडाव खाली गेला तर जाळी पुन्हा लोंबते आणि दुसऱ्यांदा आदळते. म्हणून लाट माथ्यावर असताना माल टेकवून हुक लगेच सैल सोडायचा असतो. पेटी आधी केप टाउनला चढते, मग कोठारातून उचलली जाते, पडावात ठेवली जाते, पुन्हा किनाऱ्याच्या क्रेनने वर येते. चार उचल-ठेवी. काचेच्या वस्तू पाठवणाऱ्याने त्या चार वेळा आदळणार असं धरूनच बांधाव्यात. खाऱ्या दमटपणासाठी आत प्लास्टिकचं अस्तर हवं. पुठ्ठ्याच्या खोक्याला सुतळीऐवजी पट्टी बरी, कारण सुतळीत हुक अडकतो.

दुकानदारांच्या दृष्टीने तीन आठवड्यांचा फेरा म्हणजे साठा किमान तेवढ्या दिवसांचा, आणि शहाणा दुकानदार सहा आठवड्यांचा ठेवतो. एक फेरी चुकली की दोन मालांमधलं अंतर तीनावरून थेट सहा आठवड्यांवर जातं. कांदे-बटाटे त्यात टिकतात, अंडी कशीबशी, ताजी फळं नाहीत. म्हणून बोट आलेल्या दिवसांत ताजी भाजी-फळं संपायची आणि मग डबाबंद मालावर दिवस काढायचे, हा बेटाचा ठेका होता.

आता त्या मोठ्या उणिवेकडे. नोव्हेंबर १९९९ मध्ये दक्षिणेकडे येत असताना बोटीच्या इंजिनात बिघाड झाला आणि तिला फ्रान्सच्या ब्रेस्ट बंदरात थांबावं लागलं. उतारू तिकडे अडकले, बेटावर माल यायचा थांबला, आणि विमानतळाची मागणी खऱ्या अर्थाने तिथून पेटली. मार्च २०१७ मध्ये बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) यंत्रणेत दोष निघाला, बोट दुरुस्तीला गेली आणि फेऱ्या रद्द झाल्या. अडकलेल्या लोकांसाठी ३ मे २०१७ रोजी एक खास विमान आणावं लागलं. ही दोन प्रकरणं गाजली, पण खरं दुखणं रोजचं होतं. प्रत्येक बोटीला ठराविक काळाने सुक्या गोदीत जाऊन तळ तपासून घ्यावाच लागतो. दोन बोटी असतील तर एक गोदीत असताना दुसरी धावते. इथे गोदीची तारीख म्हणजे बेटाच्या वेळापत्रकातलं भोक. नवी बोट आखताना राखीव बोटीसाठी एखाद्या मोठ्या कंपनीशी कायमचा करार करता आला असता, म्हणजे बिघाडाच्या दिवशी भाव ठरवत बसायची वेळ आली नसती. १९८२ च्या अनुभवानंतर हे कलम मूळ आखणीत पक्कं असायला हवं होतं. ही टीका आम्ही कडक शब्दांत करतो, कारण बाकी सगळं इतकं नीट बांधलेलं होतं.

त्यानंतर आलेल्या व्यवस्थेला गुण देताना घाई करू नये. प्रॉस्परस बे प्लेन इथला विमानतळ २८.५ कोटी पौंड खर्चून उभा राहिला. मे २०१६ मध्ये त्याचं उद्घाटन व्हायचं होतं. एप्रिलमधल्या चाचणीत विमानाला उतरताना वाऱ्याच्या अचानक बदलाने त्रास झाला आणि उद्घाटन पुढे गेलं. धावपट्टी समुद्राकडच्या उंच कड्याला लागून आहे, वारा कड्यावरून उसळतो आणि ऐन टेकायच्या जागी दिशा बदलतो. शेवटी १४ ऑक्टोबर २०१७ रोजी एअरलिंकचं पहिलं नेमाचं विमान जोहान्सबर्गहून आलं. एम्ब्रेयर १९० जातीच्या या विमानात शंभराच्या आसपास आसनं असतात, पण इथे ७६ प्रवाशांचीच मर्यादा ठेवली. वारा पाठीमागून असताना उतरायचं तर वजन कमी हवं, आणि उतरता आलं नाही तर मागे फिरण्याइतकं इंधन जवळ हवं. जवळपास दुसरी धावपट्टीच नाही.

आठवड्याला एक विमान म्हणजे पत्रासाठी तीन आठवड्यांच्या बोटीपेक्षा नक्कीच चांगलं. जड मालासाठी मात्र बोट चुकत नाही. ते काम २०१८ मध्ये ‘एम.व्ही. हेलेना’ या मालबोटीकडे आलं. केप टाउनहून ती साधारण महिन्याला एकदा येऊ लागली, पुढे असेन्शनलाही जाऊ लागली. हिच्या वेळी एक मोठी सुधारणा झाली: रुपर्ट्स बे मध्ये आता पक्का धक्का आहे. २०१२ साली विमानतळाचं सामान आणणारी ‘एन.पी. ग्लोरी ४’ ही बेटाला थेट लागणारी पहिली बोट ठरली, आणि त्यानंतर पडावांची सगळी चढ-उतार हळूहळू मागे पडली. चार उचल-ठेवींच्या जागी आता दोन. काचेचं सामान मागवणाऱ्याला याचं मोल विचारा. पण एकच आर.एम.एस. तीन आठवड्यांत जे आणायची ते आता महिन्याला येतं, म्हणजे साठ्याचा हिशेब आणखी वाढला. माणसं, पत्रं आणि माल यांची कंत्राटं वेगवेगळी झाल्याने एक थांबलं तरी दुसरं चालतं, ही मात्र आर.एम.एस.च्या काळात नसलेली खरी मजबुती. मार्च २०२० पासून कोविडमुळे एअरलिंकची विमानं दोन वर्षं बंद होती. त्या काळात मालबोट नेमाने येत राहिली म्हणून दुकानं भरलेली राहिली.

बेटावर पत्र किंवा पार्सल पाठवणाऱ्यासाठी काही गोष्टी. पिनकोडच्या जागी ‘एसटीएचएल १झेडझेड’ लिहायला विसरू नका. इंग्लंडमध्ये सेंट हेलेन्स नावाचं गाव आहे आणि कोड नसलेली पाकिटं तिकडे जाऊन फिरत बसायची, म्हणूनच हा कोड दिला गेला. असेन्शनचा ‘एएससीएन १झेडझेड’. पत्त्याच्या शेवटच्या ओळीत ‘साउथ अटलांटिक ओशन’ लिहा. पार्सलवरच्या कस्टमच्या फॉर्मवर वस्तूचं नाव आणि किंमत स्पष्ट लिहा. ‘भेटवस्तू’ एवढं लिहून भागत नाही आणि अडलेलं पार्सल सुटायला पुढची बोट यावी लागते. खाद्यपदार्थ आणि बी-बियाणं बंद बेटावर कीड नेतात म्हणून त्यांची तपासणी कडक असते. घाईचं असेल ते विमानाच्या पाकिटात बसेल एवढं लहान करा, बाकीचं बोटीवर सोडा आणि तिच्या सुटण्याच्या तारखेच्या किमान आठवडाभर आधी केप टाउनला पोचेल असं पाहा.

आर.एम.एस. सेंट हेलेना विकली गेल्यावर काही काळ समुद्रावरचं तरंगतं शस्त्रागार झाली आणि पुढे एक्स्ट्रीम ई या मोटारशर्यतीने तिला विकत घेऊन शर्यतीचं सामान वाहायला लावलं. ज्यांना टपालबोटीची खरी सेवा अजून चालू असलेली पाहायची आहे, त्यांनी ट्रिस्टन दा कुन्याकडे वळावं. पूर्वी आर.एम.एस. वर्षातून एकदा तिकडेही जायची. तिथे आजही विमानतळ नाही. केप टाउनहून साधारण २,८०० किलोमीटरवरच्या त्या बेटावर थैल्या अजून मासेमारीच्या आणि संशोधनाच्या बोटींतून जातात, आणि छोट्या कॅलशॉट बंदरात लाट असेल तर बोट समोर उभी असूनही थैली त्या दिवशी उतरत नाही. कोड ‘टीडीसीयू १झेडझेड’, आणि पत्राच्या उत्तराची वाट पाहताना महिन्यांचा हिशेब धरायचा.